उंटालाही हो म्हणणारा माणूस

बाबा, उद्या गडचिरोलीच्या कोर्टात मी साक्ष द्यायला उभी राहणार आहे आणि समोरचा वकील तुमचं नाव काढणार आहे. काढू दे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आलापल्लीत जुनी माणसं तुमचा विषय निघाला की आवाज खाली आणतात. वनपाल असून तुम्ही कुणावर हात उचलला नाही, कुणाचं फुकट खाल्लं नाही. सगळं खरं आहे. म्हणूनच माझं भांडण तुमच्याशी आहे. एखाद्या मारकुट्या साहेबाशी भांडणं सोपं गेलं असतं.

मी तिसरी-चौथीत असेन. आपल्या क्वार्टरच्या ओसरीवर एक माडिया आदिवासी माणूस उकिडवा बसलाय, साग तोडला म्हणून धरून आणलेला. तुम्ही खुर्चीत बसून जबाब लिहिताय. "झाड तूच तोडलं?" "हो साहेब." "कुऱ्हाड घरचीच व्हय?" "हो साहेब." आई स्वयंपाकघरातून हाक मारते, भाकर थंडी होऊन राह्यली म्हणून, आणि तुम्ही आत जाता. माझ्या हातात शाळेचं पुस्तक, त्यात वाळवंटाचा धडा. मी त्याला विचारते, "तुमच्या घरी उंट आहे?" "हो बाई." "लाल आहे?" "हो बाई." "हिरवा आहे?" "हो बाई." मला हसू आवरेना. तुम्ही हात पुसत बाहेर आलात तेव्हा मी म्हणाले, "बाबा, हा तं सगळ्यालेच हो म्हनते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "सरकारी कामात तोंड घालाचं नाई. आत जा." मी आत गेले. तो जेलात गेला. जाण्याआधी तुम्ही त्याला जेवू घातलंत, हेही मला आठवतं.

मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचा अभ्यास, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणायचात. माझा सगळा अभ्यास त्या ओसरीवरून निघाला, हे तुम्हाला कधी कळलं नाही. भामरागडकडच्या गावांत मी वर्षानुवर्षं फिरले. अगदी साधे प्रश्न, काल बाजारात गेला होतास का, असले. एकदा इस्त्रीचे कपडे घातलेला माझा सहकारी खुर्चीत बसून मराठीत विचारायचा. एकदा गावातलीच बाई चटईवर बसून, त्यांच्या बोलीत. माणूस तोच, प्रश्न तोच, आणि उत्तर वेगळं. यात भीती असते, भाषेची अडचण असते, आणि दारी आलेल्या मोठ्या माणसाला नाही म्हणू नये ही रीतही असते. कायदा धरून चालतो की माणूस बोलला ते त्याच्या मनातलं. मी म्हणते, पुष्कळदा ते समोरच्या खुर्चीसाठी असतं. पोलिसापुढची कबुली कोर्ट मानत नाही; तुमच्या खात्यापुढची मात्र मानली जाऊ शकते. आता अशाच एका कबुलीवर एक माणूस आत बसलाय; उद्याची माझी साक्ष त्याच्याच बाजूने. त्याची बायको दर तारखेला लेकरू कडेवर घेऊन येते.

परवा तुमच्या शेजारच्या क्वार्टरमधले काका घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "पोरी, तू बापाच्या नोकरीवर पानी फेरून राह्यली. त्यानं कोनाले चापट तरी मारली का?"

"नाही मारली काका. मारावंच लागत नाही, तेच तर मी सांगणार आहे."

"अन् त्याचं नाव काढलं तं?"

"तर त्याचंही सांगीन."

ते उठून गेले. जाऊ देत. वकील विचारेल, तुमच्या वडिलांनी घेतलेले जबाबही खोटे होते का? मी म्हणणार, खरे किती आणि खोटे किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि हा दोष हो म्हणणाऱ्यांचा नाही. तुमचं नाव खराब होईल तर होवो. तो माणूस जिवंत आहे, तुम्ही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे बरंच आहे. कारण एक कबूल करते, बाबा. उद्या तुम्ही त्या कोर्टात पुढच्या बाकावर बसलेले असतात आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं असतंत, तर मीही म्हणाले असते, "नाही साहेब, माझे वडील कधी चुकले नाहीत."