डब्यामागची पेटी

दि. ३ मार्च

चि. मिलीमीटर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण तुझे काका, हे तू ओळखलं असशीलच. लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना घर टोचतं. म्हणून त्यांनी मोटारीमागे ओढायचं एक चाकांचं घर घेतलं आहे. आम्ही त्याला डबा म्हणतो. पुढे पलंग, मागे शेगडी आणि सिंक, मधे एक माणूस कसाबसा वळेल एवढी वाट. एक एप्रिलपासून त्यात राहायचं आणि वर्षभर फिरायचं असं ठरलं आहे. कुणी ठरवलं ते विचारू नकोस.

आता हा डबा त्यांनी लिफ्टच्या सामानानं भरला आहे. कप्प्या, तारेचे दोर, आणि एका पाडलेल्या इमारतीतल्या लिफ्टची पितळी बटणांची पाटी. ही कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, असू दे. झोपताना पाय लांब केले की माझ्या अंगठ्याला बारावा मजला लागतो. तू लोखंडी कपाटांच्या कारखान्यात आहेस, आणि मिलीमीटरनंही माप चुकू देत नाहीस म्हणून हे नाव मिळवलंस, तर डब्याच्या मागे बाहेरून एक पेटी लावून दे, म्हणजे हे सगळं तिच्यात जाईल.

खरं सांगू का, सामान मी सोसलं असतं. पण लग्न झाल्यापासून हा माणूस उठून जाताना कुठे जातो ते सांगत नाही. ताट वाढलेलं असतं आणि माणूस जागेवर नसतो. घर होतं तोवर मी दुसऱ्या खोलीत जाऊन रागवायची. डब्यात दुसरी खोली नाही. एप्रिलअखेर वाटेत माझ्या धाकट्या बहिणीचं गाव लागतं. तिची मागची खोली रिकामी आहे. मी तिथे उतरणार आणि परत चढणार नाही. तिला कळवलं आहे, काकांना नाही. त्यांनी मला कधी कळवलं होतं?

पेटीला कुलूप चांगलं घाल. लोभ आहेच, त्याला कुलूप नको.

तुझी काकू


दि. १० मार्च

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि हातातली मोजपट्टी खाली ठेवली. शाळेत असल्यापासून मी तुमच्या दोघांच्या घरी वाढलो. तुम्ही वेगळे राहिलात तर मी कुणाकडे यायचं, हे मला ठरवता येणार नाही.

पेटीचं म्हणशील तर ती नक्षीच्या ॲल्युमिनियम पत्र्याची करतो आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाला रबराची पट्टी, आणि गेलंच तर बाहेर यावं म्हणून तळाला भोकं. मालक म्हणाले, एक काय ते ठरव. मी दोन्ही ठेवलं.

एक अडचण आहे. रविवारी मापं घेताना दिसलं, की डब्याच्या मागच्या कोपऱ्यांना खाली सोडायचे दोन लोखंडी पाय आहेत आणि ते नेमके पेटीच्या आड येतात. कापावे लागतील. ते कशासाठी असतात हे मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, शोभेला. मला पूर्ण पटलं नाही, पण ते मालक आहेत. डबा आणि पेटी यांच्यात कागदही जाणार नाही अशी बसवून देतो.

दुसऱ्या गोष्टीत मी बोलणं बरोबर नाही. पण आत जागा झाली तर तुझा विचार बदलेल का, एवढं कळव. बदलणार असेल तर रबर दुहेरी लावतो.

लोभ असावा, आणि तो अर्ध्या वाटेत उतरू नये, ही विनंती.

तुझा पुतण्या


दि. ३ एप्रिल

चि. मिलीमीटर यास,
अ. उ. आ.

पेटी उत्तम झाली. कप्प्या गेल्या, दोर गेले, बारावा मजलाही गेला. आता काय झालं ते ऐक.

परवा आमचा पहिला मुक्काम, असे डबे लावायच्या एका तळावर. काकांनी डबा मोटारीपासून सोडवला आणि पुढच्या लहान चाकावर टेकवला. मी मागे शेगडीशी चहा करत होते, काका पुढे पलंगावर. तेवढ्यात ते उठले. कुठे, कशाला, काही नाही. नेहमीसारखे उठले आणि मागे आले. त्यांचा हात साखरेच्या बरणीशी पोचला, आणि पुढच्या खिडकीतून मला जे झाड दिसत होतं ते गेलं आणि आभाळ आलं. डब्यानं नाक वर केलं. चहा, भांडी, उशा आणि मी, सगळे मागच्या भिंतीवर येऊन पडलो. काका सिंकमध्ये बसले, स्वतःहून नाही. मग मी म्हटलं, आता तरी काही बोला. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, ओव्हरलोड.

शेजारच्या डब्यातल्या माणसांनी येऊन नाक खाली ओढलं. लागलं कुणाला नाही. छताजवळ चहाचा डाग मात्र आहे.

धाकटीनं खोलीला रंग द्यायला काढला आहे. कुठला हवा म्हणून विचारते. मी पांढरा कळवला.

तुझ्या हाताला यश आहेच, जरा डोक्यालाही येवो, हा आशीर्वाद.

काकू


दि. ७ एप्रिल

ती. काका व काकू यांस,
शि. सा. न. वि. वि.

ते पाय शोभेचे नव्हते. डबा मोटारीपासून सोडला की मागून टेकू द्यायला होते. पेटीतलं सामान आणि तुम्ही दोघं, असं सगळं वजन चाकांच्या मागे गेलं की नाक वर होणारच. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे शोभा गेली तर.

पेटीच्या खालून बसतील असे नवे पाय करतो. पण इथे एका वसतिगृहाच्या कपाटांचं काम चालू आहे आणि वाकवायचं यंत्र मोकळं नाही. तोवर हात जोडून सांगतो, दोघांनी एकदम मागे जाऊ नये. उठण्याआधी दुसऱ्याला सांगावं आणि उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकू नये. एकानं मागे जायचं तर दुसऱ्यानं पलंगावर बसावं. वाटेत एकमेकांना ओलांडायचं झालं तर ते मधोमध, चाकांच्या वर ओलांडावं. मोठी शिंक येणार असेल तर जमल्यास पलंगाशी जाऊन द्यावी.

दोघांची वजनं कळली तर हिशेब नीट करता येईल. काकूनं आपलं वेगळ्या पाकिटातून कळवलं तरी चालेल.

लोभ असावा, आणि तो शक्यतो पुढच्या बाजूला असावा, ही विनंती.

आपला पुतण्या


दि. १४ एप्रिल

चि. मिलीमीटर यास,
आशीर्वाद.

पेटी चांगली. रबर चांगलं. घाबरू नकोस. तोल हा माझ्या धंद्यातला विषय, तो मला शिकवू नकोस.

नियम पाळतो आहे. तोंड दुखतं. परवा टॉवेल घ्यायला मागे जायचं होतं. सांगितलं. तुझी काकू म्हणाली थांबा, भांडं उतरवते. मी वाटेतच, चाकांच्या वर थांबलो. नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून बोललो. लिफ्ट अडकली की आतली माणसं बोलतात तसं. एरवी एकमेकांकडे न बघणारी माणसं, दोन मजल्यांच्या मधे अडकली की मुलाबाळांपर्यंत पोचतात. मी वर दोर धरून ऐकत असे.

टॉवेल राहिला.

माझं वजन अडुसष्ट. काकूला तिचं विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणून पुढे पाऊल टाकलं नाही.

काका


दि. २२ एप्रिल

चि. मिलीमीटर यास,
अ. उ. आ.

दिवसभर आमच्या डब्यातून येऊ का, थांबा, आता या, असे आवाज येतात. त्याची चौकशी करायला परवा तळाचा रखवालदार आला. काका मागे नळ दुरुस्त करत होते आणि मला स्वयंपाक करायचा होता. काकांनी त्याला पलंगावर बसवलं आणि हलू नका म्हणून सांगितलं. तो भला माणूस, बसला. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, त्याचं ताट त्याला तिथेच दिलं. मग भांडी होती. शेवटी तो अगदी हळू आवाजात म्हणाला, की माझी पाळी मघाशीच संपली, आता उठू का. दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला, आणि येताना त्याच्याहून जड मेहुणा घेऊन आला. मेहुण्याला पेपर दिला. त्यामुळे काल आम्ही दोघांनी एकदम मागे उभं राहून भाजी चिरली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

एक सांगते. वाटेत थांबावं लागलं की काका बोलतात. काल कळलं, की आमची मुलगी, तुझी ताई, लहान असताना एकदा हे लिफ्टच्या खड्ड्यात अडकले होते, वर हाक पोचत नव्हती. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं, की ताट गार झालं आणि मी आठवडाभर अबोला धरला. मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं. म्हणाले, आलो होतो की परत. मी शेगडी बंद केली आणि पुढे जाऊन बसले. म्हणजे आधी सांगितलं आणि मग गेले.

धाकटीनं गादीला नवी खोळ घातली आहे. पुढच्या आठवड्यात तिचं गाव.

मेहुण्याचा तुला नमस्कार, आमचे आशीर्वाद.

काकू


दि. २५ एप्रिल

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र मोकळं झालं. पाय तयार केले आणि पार्सलनं पाठवले. बोल्ट वेगळ्या पिशवीत आहेत, एखादा हरवला तर म्हणून दुप्पट घातले आहेत. लावायला कठीण नाही, पण लावताना डब्यात कुणी असू नये, रखवालदारही नाही.

हे पाय बसले की तुम्हा दोघांना एकमेकांना काही सांगायची गरज उरणार नाही. जो तो हवं तेव्हा उठेल आणि हवं तिकडे जाईल. हे लिहिताना मला हलकं वाटायला हवं होतं. मालकांनी विचारलं, काम झालं तर तोंड असं का.

तुझ्या बहिणीच्या खोलीबद्दल विचारणार नव्हतो. तरी विचारतो. उतरणार असलीस तर मला आधी कळव. कळवून काही होणार नाही, पण कळव.

लोभाला कधी टेकू लागू नये, ही विनंती.

तुझा पुतण्या


दि. २८ एप्रिल

चि. मिलीमीटर यास,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं. काका पाणी भरायला गेले होते, सांगून. तेवढ्यात मी पाय लावले. मग मागे जाऊन शेगडीपाशी उडी मारून पाहिली, दोनदा. खिडकीतलं झाड जागचं हललं नाही.

काका आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं, येऊ का. आता विचारायची गरज नाही, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं, थांबा.

त्यांना पायांचं सांगू नकोस. का ते मला विचारू नकोस. परवा धाकटीचं गाव. पिशवी भरून ठेवली आहे. ती खोली पांढरी फार सुंदर झाली आहे म्हणे.

तूही जरा मोकळा हस, काम चोख झालं आहे.

काकू


दि. ५ मे

चि. मिलीमीटर यास,
आशीर्वाद.

पाय दिसले. तळावरून निघताना चाकातली हवा बघायला खाली वाकलो तेव्हा. काकूला सांगू नकोस. बोल्ट नीट आवळले आहेत, एक जरा रागानं आवळला आहे.

लिफ्टमध्ये जन्म काढलेल्या माणसाला, मागे चार विटा रचल्या की डबा हलत नाही, एवढं कळत नसेल असं तुला वाटलं होतं का? पहिल्या दिवशीच कळलं होतं. तळावर विटांचा ढीग होता. पण तुझं पत्र आलं त्या दिवशी काकू पहिल्यांदा म्हणाली, की मी मागे जाते आहे, तुम्ही पुढे बसा. मी बसलो. ती आली तेव्हा म्हणाली, आले. मग विटा राहिल्या.

तिची पिशवी मला दिसली होती. धाकटीकडे पोचलो तेव्हा ती पिशवी मीच आत नेऊन ठेवली. विचारलं काही नाही, ती माझी जुनी खोड. धाकटीनं खोली दाखवली. ऐसपैस आहे. काकू खुर्चीवर बसली. थोड्या वेळानं उठली आणि म्हणाली, मी खिडकीपाशी जाते आहे. धाकटी हसली, म्हणाली, मग जा की, सांगतेस कुणाला. काकू खिडकीपाशी गेली नाही. चहा झाला. मी म्हटलं, मी डब्याकडे निघतोय. ती म्हणाली, पिशवी घ्या.

आज मुद्दाम न सांगता उठलो, तुझे पाय भार घेतात का ते बघायला. दोनच पावलं टाकली. काकूनं मान वळवली नाही, फक्त म्हणाली, की डबा उलटेल. मी परत पलंगावर बसलो आणि विचारलं, येऊ का. म्हणाली, थांबा.

थांबलो आहे, तेवढ्यात हे लिहून झालं.

काका