अठ्ठ्याण्णवचा आकडा

३ मार्च

फोनवर ॲप घेतलं. बँडसॉच्या, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टा-करवतीच्या, पात्याला टिचकी मारायची, फोन जवळ धरायचा — आवाजावरून ताण किती ते आकड्यात कळतं. आमच्या पात्याला अठ्ठ्याण्णव हवा. कमी आला तर पातं ढिलं.

तीस वर्षं हे मी नुसत्या कानांनी केलं. अण्णा येईल-जाईल त्याला सांगायचे, आमच्या थोरल्याचे कान तिखट! आता डावा पार गेला, उजवा त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणाले, जन्मभर मशीनजवळ उभं राहिल्याचं हे फळ. बायकोलाही सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीला तर नाहीच. कारखाना आम्हा दोघांचा — ती लाकूड कापते, मी पाती चढवतो. पात्याचा आवाज न कळणारा माणूस तिथे काय कामाचा?

९ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी जातो. सामसूम असते. टिचकी, ताण आवळायची चावी, आकडा. पाच मिनिटांत काम फत्ते.

धाकटीने फोन पाहिलाच. म्हटलं, गंमत म्हणून घेतलंय. ती हसली. हल्ली बोलायला सारखी माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहते. तिकडे उजेड बरा असेल.

१४ मार्च

अठ्ठ्याण्णव. झोप लागायला लागलीय.

२१ मार्च

जमेल तसं लिहितो.

दुपारी पातं तुटलं. हॉटेलवालं गिऱ्हाईक खुर्च्या बघायला आलेलं, धाकटी त्याला मागचे वळणदार पाय कापून दाखवत होती. मी घाईघाईने नवं पातं चढवलं, टिचकी मारली. चावी नीट आवळायच्या आतच अठ्ठ्याण्णव! म्हटलं, आज नशीब जोरावर आहे.

धाकटीनेही एक टिचकी मारली. माझ्याकडे बघितलं. "दादा, ठीक आहे ना?"

मी फोन तिच्यासमोर धरला. ती गिऱ्हाइकाकडे वळली आणि लाकूड पुढे सरकवलं.

तिसऱ्या पायाला पातं चाकावरून सटकलं. तिची दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

२२ मार्च

बोटं जोडता आली नाहीत.

२५ मार्च

जो तो म्हणतो, पातंच खराब निघालं. मी मान डोलावतो. हाताला ते सैल लागलं होतं, तरी आकड्यावर विसंबलो — हे कुणाला सांगत नाही. बायको म्हणते, दोन घास खाऊन घ्या, तुमचा काय दोष! मी ताट बाजूला सारतो.

२९ मार्च

कारखान्यात गेलो. त्या दिवसापासून बंदच आहे. मशीनवर पातं नाही, नुसती दोन चाकं. उगाच फोन काढला. काहीच नाही. मग भुसा ओढणारा पंखा सुरू केला.

अठ्ठ्याण्णव!

पंखा बंद केला, आकडा गेला. पुन्हा लावला, पुन्हा आला. पातं नसलेल्या मशीनला अठ्ठ्याण्णव! त्या दुपारी फोन पंख्याची घरघर मोजत होता. सकाळी पंखा बंद असायचा म्हणून इतके दिवस निभावलं. दुपारी तो चालू होता, आणि मला पत्ता नाही. धड कानांच्या माणसाने आधी पंखा बंद केला असता.

तिथेच भुशात बसून रडलो.

उद्या तिला सांगणार. कानांचंसुद्धा. त्यानंतर तिने माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल.

३० मार्च

सांगितलं, सगळं. ती उठली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"कानांचं मला वर्षभर माहीत आहे, दादा. पातं ढिलं होतं तेही कळलं होतं. पण गिऱ्हाइकासमोर तुला कसं सांगणार?"