नाकावरून गेलेली पिवळी रेघ

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. (दिवसभर दुसऱ्यांची डोकी हातात असल्यामुळे स्वतःचं कुठे ठेवावं, हे मला पत्र लिहितानाच सुचतं.) मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या मिशा पूर्वीसारख्याच टोकदार आहेत ना? आम्ही सगळे मजेत. दुकानामागची तुमची मोकळी जागाही खुशाल आहे. तिच्यावर माझं बारीक लक्ष असतं, काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. मामा, तुमच्या भाच्याने सरकारला नमवलं! हसू नका, आधी पूर्ण वाचा.

झालं असं की रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेचे साहेब टेप आणि पिवळा रंग घेऊन आले. शेजारच्या शिंप्याच्या मशीनखालून निघालेली रेघ भिंत ओलांडून माझ्या दुकानात शिरली आणि थेट बाबांच्या खुर्चीखालून गेली. (खुर्चीत गिऱ्हाईक होतं. तोंडाला फेस असल्याने त्याला हरकत घेता आली नाही, बिचाऱ्याने नुसते पाय वर केले.) रेघेच्या रस्त्याकडची जागा सरकारची, आतली माझी. म्हणजे रस्ता होईल तेव्हा खुर्ची उखडायची. ती आत सरकवावी, तर मागच्या भिंतीमुळे पलीकडून मला उभं राहायला जागा नाही. ही खुर्ची घेतली म्हणून आई बाबांशी महिनाभर बोलली नव्हती. तुम्ही मध्यस्थीला आलात आणि तिच्यातच दाढी करून परत गेलात, आठवतं? बाबांनी ती स्वतःच्या हाताने सिमेंटमध्ये बसवली. खरं सांगतो मामा, रेघ पडली त्या दिवशी मला रडू कोसळलं.

साहेब मनाने बरे. म्हणाले, रस्ता होईपर्यंत सरकारी जागा वापरा, पण तिथे लोकांच्या सोयीसाठी सरकारी दर लागू राहील. आता खुर्चीतला माणूस बाजूच्या भिंतीवरच्या आरशाकडे तोंड करून बसतो, त्यामुळे रेघ बरोबर त्याच्या नाकावरून जाते. डावा गाल सरकारी, उजवा खासगी! मी तसा दरफलकच लावला. गल्लीतले निवृत्त मास्तर फलक वाचून इतके खूश झाले की त्यांनी मला उभ्या उभ्या धडा दिला. फेसाला लागणारं पाणी सरकारच्या नळाचं, वस्तरा माझा, दिवा सरकारी तारेवरचा, हात माझे, हीच मिश्र अर्थव्यवस्था, असं त्यांचं म्हणणं. (मी म्हटलं, म्हणजे तुमच्या डोक्यासारखी, थोडे काळे थोडे पांढरे. ते रागावले नाहीत, त्यांना उदाहरण आवडलं.) मग ते बसले, डावी बाजू कापून घेतली आणि पायाने रेटा देऊन खुर्ची गर्रकन फिरवली. उजवी बाजू सरकारी हद्दीत! अख्खं डोकं सरकारी दरात! दुसऱ्या दिवसापासून जो तो फिरायला लागला. घेरी येऊन दोघे शिंप्याच्या दुकानात शिरले आणि मापं देऊन बाहेर पडले. शेवटी मी खुर्चीला खिळा ठोकला.

आणि मग साहेब स्वतः मिशी कोरायला आले. म्हणाले, सगळा सरकारी दर लाव. मी हात जोडून म्हटलं, साहेब, नियम तुमचाच. खासगी अर्धी आत्ता होईल. ती मी झटक्यात कोरली, अशी सुबक की त्यांनी मान डोलावली. मग कात्री खाली ठेवली. सरकारी मिशीला हात लावायचा तर मंजुरी पाहिजे. कोणाची, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, तुमचीच, पण तुम्ही कचेरीत खुर्चीवर बसलेले असताना.

मामा, माणूस अर्धी मिशी घेऊन भर बाजारातून चालत गेला. कचेरीतला शिपाई सलाम करायचं विसरला म्हणे. संध्याकाळी साहेब परत आले, रंगाऱ्याला बोलावून आतली रेघ पुसायला लावली आणि नवी उंबऱ्याबाहेर काढली. बाबांची खुर्ची वाचली! मी उरलेली मिशी फुकट कोरली. ज्याची जागा त्याची, दुसऱ्याने तिथे पाऊल टाकू नये, हे तत्त्व मी आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावतो. वस्तरा गळ्याशी असल्याने सगळ्यांना पटतं.

मामींना नमस्कार.

तुमचा विजयी भाचा

ता. क. रेघ बाहेर गेली, पण तिच्याबरोबर सरकारी दरही गेला. मास्तर आता केस वाढवून हिंडतात आणि सरकारने काहीतरी केलं पाहिजे असं मलाच ऐकवतात.

ता. क. दुसरं. पहिल्या दिवशी रेघ पडली तेव्हा घाबरून मी मागची भिंत पाडली होती. पाडलेलीच आहे तर वाया कशाला घालवायची, म्हणून तिथे पत्रे टाकून दुसरी खुर्ची बसवली आहे. ती तुमच्या मोकळ्या जागेत येते. म्हणजे थोडी येते. म्हणजे सगळीच येते. साहेबांनी विचारलं, ही जागा कोणाची? मी म्हटलं, मामांची, म्हणजे आमचीच. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, मालकाची संमती हवी म्हणतात. तेवढ्या दोन ओळी उलट टपाली पाठवाव्यात.

ता. क. तिसरं. स्वतः रेघ ओढायला येणार असाल, तर अवश्य या. येताना मिशा मात्र चांगल्या वाढवून या.