न दिलेला पास

गुरुवार, २० नोव्हेंबर. जुबैल, सौदी अरेबिया.

सकाळी दोन प्रॅक्टिकल घेतली. दुपारी कॉलेजच्या टीमची मॅच होती, आम्ही दोन-एकने हरलो. सूर्यास्ताच्या, मग्रिबच्या अजानच्या जरा आधी मॅच संपली. पोरं नमाजला गेली, मी बॉल गोळा करून जाळीत भरले आणि खोलीवर आलो.

सर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मी इथल्या एका तांत्रिक कॉलेजात पंप आणि व्हॉल्व्हची लॅब शिकवतो. पोरं शिकतात आणि इथल्याच कारखान्यांत शिफ्टवर लागतात. मी कोल्हापुरात तुमच्या हाताखाली कॉलेजच्या टीममधून खेळायचो हे एकदा चहा पिताना इथल्या क्रीडाप्रमुखांना बोलून गेलो, आणि या वर्षी त्यांनी फुटबॉलची टीमच माझ्याकडे दिली. महिनाभर एकच दुखणं आहे. पोरांची पळण्याची ताकद आहे, पायात कला आहे, पण पास जुळत नाहीत. तीन पास झाले की चौथा समोरच्याच्या पायात. मी तुम्ही करायचात तेच सगळं करून पाहिलं. मैदान निम्मं केलं, दोनच टच दिले, तिघातिघांचे त्रिकोण केले. तुम्ही पहाटे स्वतः चुन्याची फक्की मारून ते त्रिकोण आखायचात, आणि आम्ही ते पायांनी पुसून टाकायचो. तेव्हाही काही फरक पडला नव्हता, कारण खोट पायात नव्हतीच. आमच्या टीममध्ये दोन तालमींची, म्हणजे दोन पेठांच्या फुटबॉल संघांची पोरं होती आणि त्या दोन तालमींचं आपसात बोलणं नव्हतं. तालमीच्या मॅचला एकमेकांची डोकी फोडायची आणि सोमवारी कॉलेजच्या एकाच रंगाच्या जर्सीत उभं राहायचं. तुम्ही मिरजेचे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही तर सांगणारच नव्हतो.

शेवटच्या वर्षाची ती मॅच मला अजून जशीच्या तशी दिसते. बॉल माझ्याकडे आहे. उजवीकडे पलीकडच्या तालमीचा तो उंच पोरगा एकटा, मोकळा, हात वर करून उभा आहे. त्याच्यासमोर फक्त गोलकीपर. मी डावीकडे बघतो आणि आमच्या तालमीच्या पोराला पास देतो. त्याच्या अंगावर दोघे आहेत. बॉल गेला, मॅचही गेली. ड्रेसिंगरूममध्ये त्या उंच पोरानं बूट भिंतीवर फेकले. "मुद्दाम दिला न्हाई ह्यानं, सर. मी हात वर करून हुबा हुतो." तुम्ही माझ्याकडे वळलात. "दिसला नाही होय रे तुला?" मी म्हणालो, "नाही सर." तुम्ही टॉवेलनं मान पुसत होतात. "बरं. दिसला नाही म्हणतोय तर दिसला नसेल. उद्यापासनं तू मागं खेळ. मागनं सगळं दिसतंय." मग त्या पोराला म्हणालात, "आणि तू ह्याच्या शेजारी." तो उसळला, "ह्याच्या शेजारी? मी?" तुम्ही म्हणालात, "लग्न लावत नाही तुमचं. बॅकला उभं करतोय."

पुढे तुम्ही नियम केलात. गोलकीपरनं बॉल आम्हा दोघांतल्या एकाकडे द्यायचा, त्यानं दुसऱ्याकडे, आणि मगच तो पुढे जायचा. शिवाय कोण कुठे मोकळा आहे ते आम्ही दोघांनी मागून ओरडून सांगायचं. मी मुळात कमी बोलणारा. पहिला आठवडा आम्ही दोघंही मुक्यासारखे खेळलो. दुसऱ्या आठवड्यात सरावातच आमच्या दोघांच्या मधून एक पोरगा आरामात गोल मारून गेला, कारण तो कुणाचा हे आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं. तेव्हा तो उंच पोरगा माझ्यावर खेकसला, "आरं तुझा मानूस हुता त्यो! जीभ घरी ठेवून आलायस काय?" दोन वर्षांत तो माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्ही लांब उभे होतात आणि हसत होतात. त्यानंतर पास जुळायला लागले. चषक काही मिळाला नाही, पण शेवटच्या मॅचला गावातले लोक म्हणाले की ही टीम आता टीम दिसते. पुढे, शिकवायला लागण्याआधी इथल्या कारखान्यात परक्या माणसांबरोबर पाळ्या करताना, कुणाला काय दिसत नाहीये ते आधी मोठ्यानं सांगायचं, ही सवय मला त्या दोन महिन्यांत लागली. तिच्यावर माझं इथलं सगळं आयुष्य चाललं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आज इथे तेच झालं. उत्तरेतल्या हाइलकडची पोरं हाइलकडच्यांनाच बॉल देतात, हे माझ्या ध्यानात आलं होतं. आज शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरी करायची संधी होती. पार दक्षिणेतल्या खमीस मुशैत गावचा विंगर मोकळा होता, ओरडत होता. हाइलच्या पोरानं त्याच्याकडे पाहिलं आणि बॉल आपल्या गाववाल्याला दिला. मॅच संपल्यावर विंगर त्याला म्हणाला, "चष्मा घे भावा, पैसे मी देतो." क्रीडाप्रमुखांनी त्या पोराला सरळ विचारलं. तो म्हणाला, "वल्लाही, देवाशपथ, दिसला नाही." प्रमुख म्हणाले, "खलास. हा टीमबाहेर." पोरगा जमिनीकडे बघत उभा राहिला. त्याचं शेवटचं वर्ष आहे. जूनमध्ये तो कारखान्यात लागेल, मग कुठली मॅच आणि कुठलं काय. मी म्हणालो, टीम माझ्याकडे दिली आहे ना, मग त्याला ठेवा. रविवारपासून तो मागे खेळेल, आणि हा विंगर त्याच्या शेजारी. प्रमुखांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "त्याला दिसत नाही म्हणतोय. मागून दिसतं." ते हसले. "उस्ताद, तुम्ही हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "अनुभव." तुमचं नाव घेतलं नाही. विंगरनं मात्र तोंड असं केलं की जणू त्याला वाळवंटात सोडून देतोय.

पण मी हे लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी. सर, आज मी पहिल्यांदा रेषेबाहेर तुमच्या जागी उभा होतो. तिथून त्या पोराची मान वळलेली दिसली, त्यानं बघितलेलं दिसलं, मग बघून न बघितल्यासारखं केलेलंही दिसलं. इतकं स्पष्ट, की कुणाला विचारायची गरज नव्हती. म्हणजे तुम्हालाही दिसलं होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी तुम्हाला फसवलं आणि तुम्ही भोळेपणानं फसलात. त्या लाजेपायी मी तुम्हाला टाळलं. तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हा मी सुट्टीवर आलो होतो. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो, तिथल्या दुकानातून पाव किलो खडीसाखर घेतली आणि परत फिरलो. वाटलं होतं, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि मी फसवलं, आता कुठल्या तोंडानं समोर जायचं. तुम्ही विश्वास ठेवलाच नव्हता. तुम्ही मला फक्त खोटं बोलून झाल्यावर उभं राहायला जागा दिलीत. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी दार वाजवलं असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. घडी घालून लॅबच्या वहीत ठेवतो आहे. रविवारी साडेतीनला सराव आहे. आता वाटीभर तांदूळ धुतो आणि कुकर लावतो.