कोरडं बोट

प्रिय आत्या,

काल शालूचा बीडहून फोन आला. या उन्हाळ्यात आपली दूध संस्था पुन्हा जनावरांची छावणी चालवणार आहे. पाण्याची टाकी ओढायला तुझी जुनी जीपगाडी द्यायची, असं तिनं ठरवलंय. "दादा, मी रविवारी येते. तेवढं गिअरचं तेल बघून ठेव," म्हणाली. वर म्हणाली, "आईसारखं पुन्हा पुन्हा बघत बसू नको हं. कुणावर भरवसाच नव्हता तिचा. त्यातच गेली."

मी "हं" म्हटलं. तुझ्या पोटच्या पोरीनं तुझ्याबद्दल असं बोलावं आणि मी नुसतं "हं" म्हणावं! वीसेक वर्षं मी हेच करत आलोय. आज शनिवार आहे. उद्या ती येईल. त्याआधी तुला लिहायलाच हवं.

गावात खऱ्या अर्थानं सपाट जागा एकच, संस्थेसमोरचा सिमेंटचा कोबा. तू दर शनिवारी गाडी तिथं लावायचीस. "तिरक्या गाडीतलं तेल खोटं बोलतंय," म्हणायचीस. मनगटावरचं घड्याळ काढून आरशाच्या दांडीला अडकवायचं, पदर खोचायचा, पोतं अंथरायचं आणि पाना घेऊन खाली शिरायचं. संस्थेची चेअरमन, आणि गाडीखाली! दूध घालायला आलेली म्हातारी माणसं चेष्टा करायची.

"चेअरमनबाई, ड्रायव्हर ठेवा की एखादा!"

खालून तुझा आवाज यायचा, "ठेवते की. तुमी येता का? पण गाडी शेपूट पिळून चालत न्हाई, आदीच सांगते."

मलाही तूच शिकवलंस. इंजिनाचं तेल बघायला पट्टी असते, गिअरबॉक्सला पट्टी नसते. बाजूचा नट काढायचा आणि भोकात बोट घालून खाली वाकवायचं. टोकाला तेल लागलं तर ठीक, नाही लागलं तर कमी आहे. मग बाहेर आल्यावर तुझं ठरलेलं, "बोट दाखव." तू नुसतं बघायची नाहीस, वास घ्यायचीस. गिअरच्या तेलाला कुजलेल्या लसणासारखा वास असतो. इंजिनाच्या तेलाला तो नसतो. हे मला माहीत होतं, आत्या. तरीही मी ते केलं.

तू गेलीस त्या वर्षीच्या दुष्काळात गाडीचे हाल चालले होते. सकाळी दुधाचे कॅन, दुपारनंतर छावणीवर पाण्याची टाकी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायची. त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "आज गिअर बदलताना खरखर आली. तेल बघ. चारला टाकी न्यायची हाय." मला तेलगावला जायचं होतं. तिथल्या कॉलेजात नोकरीची एक जागा निघाल्याचं मित्रानं कळवलं होतं. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"कावून रं, बीएस्सी? शर्ट मळंल म्हून जमिनीला पाठ लागंना का तुजी?"

"बघतो म्हटलं ना!"

मी बॉनेट उघडलं. इंजिनाची पट्टी उपसली, तिच्यावर बोट फिरवलं आणि तुझ्यापुढं धरलं. तू माझा हात हातात घेतलास. वास घेतलास. माझ्याकडं बघितलंस.

"बरं," म्हणालीस. "जा."

का नाही बोललीस? एक थोबाडीत का नाही दिलीस? "खोटं बोलतोस बे" एवढं म्हणाली असतीस, तर मी त्याच शर्टानं गाडीखाली गेलो असतो! की माझ्या कामाच्या दिवशी माझं तोंड उतरू नये, म्हणून गप्प बसलीस? हा एक राग माझा तुझ्यावर अजून आहे.

दोन वाजता परत आलो. कोब्यावर गाडी, आरशाला घड्याळ, गाडीखालून तुझे दोन पाय. मला कळलं, आपली चोरी सापडली. बोलणी खावी लागणार. म्हणून मी पाय न वाजवता बाजूनं घरात गेलो.

आत्या, मी तुझ्या पायांजवळून चोरासारखा गेलो.

घरात बसून मी माझी रोजची डायरी लिहिली. त्या पानावर आजही आहे: "सकाळी गिअरचं तेल बघितलं. बरोबर आहे." तू मला पकडलेलं असतानाही मी डायरीशी खोटं बोललो. पाऊण तास तरी गेला असेल. मग धीर करून दारातून ओरडलो, "आत्या, चहा टाकू का?" पाय तसेच होते. एक चप्पल गळून पडली होती.

डॉक्टर म्हणाले, ऊन आणि हृदय, दोन्ही. लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. हे "सांगता आलं नसतं" मी किती वेळा उलटंसुलटं करून बघितलंय! तुला वेदना झाल्या का? मी कोब्यावरून गेलो, तेव्हा तू जिवंत होतीस का? माझी चाहूल लागली होती का तुला?

मी तुला ओढून बाहेर काढलं, तेव्हा नट तुझ्या डाव्या मुठीत होता. उजव्या हाताच्या बोटाला नटाच्या कडेचा काळा मळ होता, पण टोक कोरडं होतं. तेल बोटाला लागलंच नव्हतं. तू बरोबर होतीस. टाकी ओढताना गिअरबॉक्स जाम झाला असता, कदाचित नाल्याच्या चढावर. ते बोट मी एकट्यानं बघितलं. मग नट जागेवर बसवून टाकला.

कुणीतरी विचारलं, "तेल कुणी बघायचं होतं?" माझ्या तोंडून निघालं, "मी सकाळीच बघितलं होतं." बस, तेवढंच. तेराव्यापर्यंत गावात झालं होतं: पोरानं बघितलेलं पुन्हा बघायला गेली, लई संशयी बाई. वर माझं कौतुक, बिचाऱ्यानं एकट्यानं बाहेर काढलं! शालू तिथंच बसली होती. तिनं ते ऐकलं आणि खरं मानलं.

तेव्हापासून कुठंही, एसटी स्टँडवर, गॅरेजपुढं, गाडीखालून पाय दिसले की मी थांबतो. हाक मारतो. उत्तर आलं की पुढं जातो. लोकांना वाटतं, मला गाड्यांची आवड आहे.

आज सकाळी गाडी कोब्यावर आणली. हातातलं घड्याळ आरशाला अडकवलं. पोतं अंथरून खाली गेलो. खालून जग फार लहान दिसतं, आत्या. फक्त लोकांचे पाय दिसतात. तू माझे पाय बघितले असशील का, हे मला तिथं पडल्यावर पहिल्यांदा सुचलं.

बोट वाकवलं. कोरडं. मग भोकातून ओघळ येईपर्यंत तेल भरलं आणि पुन्हा बोट घातलं. टोक ओलं.

उद्या शालू आली की चहाच्या आधी तिला कोब्यावर नेईन. सांगेन, त्या दिवशी सकाळी मी तेल बघितलं नव्हतं. तुझ्या आईला ते कळलं होतं. तिचं बोट कोरडं होतं. आणि मी बाजूनं निघून गेलो होतो. यातलं एकही वाक्य गाळणार नाही. त्यानंतर तिनं मला दादा म्हणायचं की नाही, ते ती ठरवेल. संध्याकाळी दूध घालायला लोक येतील, त्यांनाही हेच सांगेन.

तोवर हे बोट धुणार नाही. लिहिताना कागदाला डाग पडलेत, आणि तोच कुजलेल्या लसणाचा वास येतोय. यावेळी घेऊन बघ.

तुझा बीएस्सी,
विनायक