नव्याण्णव केएचं कपाट

१ सप्टेंबर १९९७, सोमवार
आजपास्नं सूड. लाल्याला सोडत न्हाई.
लाल्या म्हंजे लालासाहेब, आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा हेड वायरमन. मालकाचं महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचं नवं कोल्ड स्टोरेज होतंय. तिथं हितला एक माणूस जाणार. मीच. आख्ख्या कवठे महांकाळात माझ्यासारखं डोकं न्हाई. जर्किनबी घेऊन ठेवलंय, निळं, चेनचं. आमच्या गल्लीतल्या स्वप्नालीला सांगूनबी टाकलं.
आणि आज लाल्या मॅनेजरला म्हणतो कसा, आवं सायेब, ह्या बिराप्पाला फ्यूज बसवाय सांगितला तर डोळं मिटतोय. ह्याला लेबलं चिकटवाय लावा.
सगळी हसली. झाडलोट करणारी सुलाबाईसुदिक.
डोळं मी विचार कराय मिटतो.

३ सप्टेंबर
लेबलं आली. विम्याचा सायेब तपासाय येणार, त्याच्या आधी हरेक पॅनलवर लावायची. वर कवटी, खाली आकडा, आकड्यापुढं केए, म्हंजे किलोअँपिअर. लाल्यानं समजावलं, आत शॉर्ट झालं तर किती करंट भडकंल त्याचा ह्यो आकडा. मोठा आकडा, मोठा भडका. मोठ्या आकड्यापास्नं लांब ऱ्हायाचं.
आकडं मार्करनं मी लिवायचं. म्हंजे सगळं माझ्या हातात. येड्याला कळलंबी न्हाई.

६ सप्टेंबर, दुपार
प्लॅन तयार! पॅनल रूमच्या कोपऱ्यात एक जुनं पॅनल हाय. आतलं सगळं कवाच काढून नेलंय, नुसतं लोखंडी कपाट, पर हे मॅनेजरला ठावं न्हाई. लाल्या त्यात भाकरी न् लोणच्याची बरणी ठेवतो. जेवणाची सुट्टी झाली की उघडतो.
त्याच्यावर लेबल लावायचं. सगळ्यात मोठ्या आकड्याचं. सायेब बघतोय आणि लाल्या उघड्या हातानं तेच पॅनल उघडतोय! उभ्या उभ्या घरी.
खऱ्या पॅनलांचं आकडं बरोबर लिवलं. मी काय खुनी न्हाई.

११ सप्टेंबर
मेन पॅनलला पस्तीस. मी कपाटाच्या लेबलावर नव्याण्णव लिवला, सायेब येईल त्या दिवशीच चिकटवणार. शंभर लिवला असता तर खोटं वाटलं असतं.

१५ सप्टेंबर
सांगलीस्नं सायेब आला. टाय बिय. जेवणाची सुट्टी झाली. लाल्या कपाटाकडं निघाला. त्यानं हात पुढं केला. लेबल वाचलं. माझ्याकडं बघितलं.
आणि बोंबलला, सायेब, मागं व्हा! नव्याण्णव हाय!
सायेब दारापातूर उडाला. मॅनेजर तर बाहीरच. सायेब म्हणाला, एवढा आकडा उभ्या जन्मात बघितला न्हाई, हे उघडायचंच न्हाई. लाल्याची पाठ थोपटली. म्हणाला, अशी माणसं पायजेत.
नंतर लाल्यानं माझी भाकरी खाल्ली. म्हणाला, माझी नव्याण्णवात अडकलीया रं, गड्या.
ठीक हाय. एक डाव त्याचा.

२२ सप्टेंबर
विम्याच्या सायबाचा निरोप आला. नव्याण्णवपुढं कायम एक माणूस बसवा, रबरी हातमोजं घालून. कुणाला जवळ येऊ द्यायचं न्हाई.
लाल्या म्हणाला, बिराप्पाच बसंल. त्याला धोका कळतोय.
मी सांगणारच हुतो की आत काय न्हाई. तवर लाल्या कानात म्हणाला, सांग की. पर मग नव्याण्णव कुणी लिवला तेबी सांगावं लागंल. महाबळेश्वर ऱ्हायलं, हितलीबी नोकरी जाईल.
न्हाई सांगितलं. भ्यालो म्हणून न्हाई. स्टुलावर बसून सुडाचा विचार लय चांगला होतो.

२९ सप्टेंबर
कपाटाला वास सुटलाय. आतली भाकरी. मॅनेजर नाक दाबून म्हणाला, काय जळतंय व्हय? लाल्या म्हणाला, करंट कोंडलाय, सायेब. मॅनेजरनं माझं स्टूल आणखी जवळ सरकवलं.
हातमोज्यात घाम. नाकबी खाजवता येत न्हाई.

६ ऑक्टोबर
महाबळेश्वरला लाल्या गेला. जागरूक माणूस म्हणून. पगारवाढ घेऊन.
जाताना माझं जर्किन घातलं. म्हणाला, तिकडं लय गारठा, तुला हितं कशाला? कपाट सांभाळ रं. लोणचं मुरत असंल.
मी मुद्दामच दिलं. त्याची चेन अडकती. आता कुडकुडू दे. हाच माझा सूड.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
आज मशीन, पान्हं, पॅनलं, सगळ्यांची पूजा. मॅनेजर म्हणाला, मोठा नारळ नव्याण्णवपुढं फोडा. ह्याचा कोप नगं.
स्वप्नाली पूजा बघाय आल्ती. तिनं इचारलं, तू महाबळेश्वरला जाणार हुतास न्हवं? ह्यात काय हाय एवढं?
म्हणालो, लय करंट.
सुलाबाईनं कपाटाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग माझ्याकडं बघितलं. जरा थांबली. म्हणाली, हलू नगंस रं, आणि मलाबी लावलं.
मी डोळं मिटलं. विचार कराय.