अंतराळात आवाज नसतो

७ सप्टेंबर २०१९, शनिवार, लातूर

धम्मप्रिया टीव्हीवर! सिनेमा बनवायची स्पर्धा — पोरांनी दर पंधरवड्याला एक छोटा सिनेमा करायचा, परीक्षकांनी फाडून खायचा. माझीच लेक, अन् मला कळलं हॉस्टेलच्या पोरींकडून. मेडिकलचा क्लास अर्ध्यात सोडून पुण्याला निघाली तेव्हा म्हणालो होतो, "आता फोन करू नको." बापाचीच लेक. दीड वर्ष केला नाही. मीही नाही.

कार्यक्रमात रडारड फार. कुणी रडलं की मागून बासरी. लाऊडस्पीकर भाड्यानं देत देत हे तीन मजली हॉस्टेल उभं केलंय मी. बासरी कधी लावतात ते मला कळतं.

१४ सप्टेंबर

पुढचा विषय विज्ञानपट. ऐकून धम्मानं मान खाली घातली. काही सुचलं की मी तशीच घालतो.

१५ सप्टेंबर

पोरींनी अंतराळातला एक सिनेमा दाखवला. यानं फुटतात — धडाम! भोकरची मनस्विनी म्हणाली, "काका, तिथं हवाच नाही, आवाज कसा येईल?" म्हणलं, "बाई, लोकांनी पैसे मोजलेत, मुका सिनेमा बघतील व्हय?" पोरी लोळून हसल्या.

या सिनेमांत फुटतात ती मोठी शहरंच. आमच्या औशाकडचं गाव कधी फुटत नाही. खरं फुटलेलं मी बघितलंय. धडाम क्षणभरच असतं.

सगळ्या अभ्यासाला वर गेल्या. टीव्ही उगाच चालू ठेवला.

२८ सप्टेंबर

बाकीच्यांची तीच यानं, तीच हिरवी तोंडं. मग धम्माचा सिनेमा. चंद्रावरची वस्ती ढासळलेली. एक माणूस हात वर करतो — "गप बसा रे समदे!" — अन् हेल्मेट दगडाला लावतो. खाली एक म्हातारी तांब्या आपटतीय. हा वरून उलट ठोकतो. ठक, ठक.

मनस्विनी ओरडली, "बरोबर! दगडातून जातो आवाज!"

मी ताटावरून उठलो. त्र्याण्णवच्या भूकंपात माझी आई कोंडाबाई अशीच सापडली मला. दगडाला कान लावला, तर खालून तांब्या वाजत होता. मी खड्यानं उलट ठोकलं — म्हणजे, आलो. धम्मा लहानपणी झोपताना हीच गोष्ट मागायची. वाटलं होतं, विसरली.

परीक्षक म्हणाले, "फार शांत आहे. थरार कुठाय?" धम्माला काढलं स्पर्धेबाहेर. रडली नाही. बासरी वाया गेली.

स्वयंपाकाच्या मल्लम्मा म्हणाल्या, "मालक, करा की फोन." म्हणलं, "तिथं फोन जमा करून घेतात." ती आता स्पर्धेत नाही, फोन परत मिळाला असणार, हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

३० सप्टेंबर

भूकंपाचा दिवस. दुपारी फोन वाजला. तिचा नंबर. पलीकडं नुसता श्वास. मी फोन कानाला घट्ट लावला.

मग पलीकडून — ठक. ठक.

पाण्याचा पेला उचलला अन् टेबलावर उलट ठोकलं. पाणी सगळं सांडलं.